घरच्या छायाचित्रांचे सूचिपत्र

एके काळी घरातील छायाचित्रे मोजता येत असत. एका रोलमध्ये फार तर छत्तीस चित्रे बसत. ती जपून घेतली जात, धुऊन आणली जात आणि त्यांतील निवडक चित्रे आल्बमच्या काळ्या पानांवर कोपरे लावून बसवली जात. चित्राच्या पाठीवर कुणीतरी शाईने प्रसंग, गाव आणि साल लिहून ठेवी. आज एका लग्नाहून परतलेल्या कुटुंबाच्या चार मोबाइलांत मिळून हजारांवर चित्रे असतात, आणि त्यांतील एकाच्याही पाठीवर काही लिहिलेले नसते; कारण या चित्रांना पाठच नसते.

यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. चित्र काढणे सोपे झाले, साठवणे स्वस्त झाले. परंतु हवे ते चित्र हवे त्या वेळी सापडणे अवघड झाले. थोरल्या आत्याचा एखादा बरा फोटो हवा असतो, तोही तिच्या पश्चात, वर्तमानपत्रात छापण्यासाठी. आणि तो कुठेतरी आहे हे सर्वांना ठाऊक असूनही रात्रभर शोधून मिळत नाही. सापडत नाही ती वस्तू असून नसल्यासारखी. संगणकावरील चित्रसंग्रहाची व्यवस्था लावणारी सॉफ्टवेअरे याच अडचणीवर निघाली आहेत. ती काय करू शकतात आणि कोणते काम माणसालाच करावे लागते, हे नीट समजून घेतले तर पुष्कळ श्रम वाचतात.

मुळात हा प्रश्न अगदीच नवा नाही. इंदूर आणि हैदराबाद येथील रहिवाशांना राजा दीनदयाळ हे नाव परिचित असेल. इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असता त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले, आणि सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ निघाले. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांच्या अनेक चित्रांच्या खालच्या कडेस क्रमांक आणि स्थळाचे नाव आढळते. शंभराहून अधिक वर्षांनंतर अभ्यासकांना त्या चित्रांचा उपयोग होतो, तो ती सुंदर आहेत एवढ्यामुळेच नव्हे; काय आणि कुठले आहे हे चित्राबरोबरच लिहिलेले आहे म्हणून. क्रमांक आणि नाव चित्रापासून वेगळे पडले नाही, हे या बाबतीतले मर्म होय.

चित्राला काय ठाऊक असते?

डिजिटल चित्राला पाठ नसली तरी पोट असते. कॅमेरा किंवा मोबाइल चित्र टिपतो तेव्हा त्या फाइलमध्येच एक छोटीशी नोंद आपोआप लिहितो. तिला एक्झिफ असे नाव असून तिचा पहिला आराखडा जपानमधील उद्योगसंघाने १९९५ मध्ये तयार केला. चित्र घेतल्याचा दिवस व वेळ, कॅमेऱ्याचे नाव, प्रकाश किती काळ आत घेतला, आणि मोबाइलमध्ये स्थाननोंद सुरू असल्यास त्या जागेचे अक्षांश-रेखांश एवढे त्यात असते. सॉफ्टवेअर चित्रे तारखेप्रमाणे लावून दाखवते किंवा नकाशावर मांडते, ते या नोंदीच्याच आधाराने.

तथापि ही नोंद डोळे मिटून खरी मानता येत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ जसे असेल तशीच ती होते. दुबईहून लग्नासाठी बेळगावास आलेल्या पाहुण्याने आपल्या कॅमेऱ्याचे घड्याळ बदलले नाही, तर त्याची चित्रे दीड तास मागची दिसतात. घरच्या चित्रांत ती मिसळली की मंगलाष्टके आधी आणि वरपक्षाचे आगमन नंतर असा घोळ होतो. सुदैवाने हा दोष सुधारता येतो. त्या एका कॅमेऱ्याची सर्व चित्रे एकत्र निवडून त्यांची वेळ दीड तासाने पुढे सरकवण्याची सोय बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

दुसरी अडचण जुन्या चित्रांची. कागदी फोटो स्कॅन केला की त्या फाइलवर स्कॅनची तारीख पडते, आणि १९६२ मधील मुंज आजच्या चित्रांत जाऊन बसते. अशी तारीख हाताने बदलावी लागते. नेमका दिवस ठाऊक नसल्यास त्या वर्षाची १ जानेवारी घालून वर्णनात ‘वर्ष अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे. लहान आकाराचे फोटो इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करावेत, आणि पाठीवर काही लिहिलेले अथवा स्टुडिओचा शिक्का असल्यास पाठही स्कॅन करावी. ते अक्षर हाही एक पुरावाच असतो.

तिसरी अडचण व्हॉट्सअॅपची. त्यावरून फोटो म्हणून पाठविलेले चित्र आकाराने लहान होते, आणि त्याच्या पोटातील तारखेची व स्थळाची नोंदही गळून पडते. चित्राच्या फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती बहुधा ते येऊन पडल्याची असते, काढल्याची नव्हे. महत्त्वाचे चित्र मागवायचे असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठविण्यास सांगावे. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

कप्पा आणि खूणचिठ्ठी

व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे सर्व चित्रे एका ठिकाणी आणणे. जुने मोबाइल, सीडी, पेनड्राइव्ह, भावाचा लॅपटॉप असे जिथे जिथे चित्र असेल तेथून ते एका डिस्कवर आणावे, आणि प्रत्येक वर्षाचा एक फोल्डर करून त्यात प्रसंगवार फोल्डर करावेत. नाव देताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम पाळावा. ‘२०२३-०५-१४ लग्न बेळगाव’ असे नाव दिले की संगणक नावांच्या क्रमाने फोल्डर लावतो तेव्हा ते कालक्रमानेही लागतात. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या १४ तारखा एकत्र येतात.

परंतु फोल्डर हा कप्पा आहे, आणि एक वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहू शकते. बडोद्याच्या घरी दिवाळीत आजी नातवाला ओवाळीत आहे, असे चित्र कुठे ठेवावे? बडोद्यात, दिवाळीत, की आजीच्या फोल्डरमध्ये? तिन्ही ठिकाणी प्रती ठेवल्या तर पसारा तिप्पट होतो. ग्रंथालयांनी हा पेच पूर्वीच सोडविला आहे. पुस्तक फळीवर एकाच जागी असते. सूचिपत्राच्या खणात मात्र त्याची लेखकाच्या नावाची, ग्रंथनामाची आणि विषयाची अशी अनेक पत्रे असतात. चित्रसंग्रहाचे सॉफ्टवेअर हेच करते. ते मूळ चित्रे हलवीत नाही. प्रत्येकाचे लघुचित्र तयार करून आपल्या नोंदवहीत त्याची माहिती टिपते. माणसाने चित्राला ‘आजी’, ‘दिवाळी’, ‘बडोदे’ अशा खूणचिठ्ठ्या लावाव्यात; त्यांनाच टॅग म्हणतात. मग कोणतीही चिठ्ठी विचारली की ते चित्र पुढे येते, आणि ‘आजी’ व ‘दिवाळी’ दोन्ही विचारल्या तर आजीच्या सर्व दिवाळ्या एका पडद्यावर दिसतात.

चिठ्ठ्या लावताना शिस्त हवी. एकदा ‘बडोदे’ आणि एकदा ‘वडोदरा’ लिहिले तर संगणकाच्या लेखी ती दोन गावे. तसेच ‘आजी’ हा शब्द लिहिणाऱ्यागणिक बदलतो. नातवाची आजी ती मुलाची आई. म्हणून नाते न लिहिता पूर्ण नाव लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव आणि सासरचे नाव अशी दोन्ही नोंदवावीत; नाहीतर लग्नापूर्वीची शाळेतली मुलगी आणि नंतरची गृहिणी एकच आहे, हे दोन पिढ्यांनंतर कुणाला कळणार नाही. गोव्यात एकाच घराण्यात एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिथे वडिलांचे नाव किंवा वाड्याचे नाव जोडल्यावाचून ओळख पटत नाही.

चेहऱ्यांची ओळख

अलीकडे सॉफ्टवेअर चेहरेही ओळखते. हे काम स्मरणशक्तीचे नसून मोजमापाचे आहे. चित्रात चेहरा कुठे आहे हे शोधून त्याची ठेवण आकड्यांच्या एका मालिकेत मांडली जाते. दोन मालिका एकमेकींना पुरेशा जवळच्या असल्या की तो चेहरा एकाच माणसाचा असावा, असा तर्क केला जातो. तो तर्कच असतो. सख्ख्या बहिणींत आणि बाप-लेकांत त्याची गल्लत होते. पाच वर्षांचे मूल आणि पन्नाशीचा गृहस्थ एकच, हे त्याला बहुधा साधत नाही. डिजिकॅमसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर हे काम घरच्या संगणकावरच करते, तर गुगल फोटोजसारखी सेवा ते आपल्या दूरच्या संगणकांवर करते. कुटुंबाच्या चित्रांचा प्रश्न असल्याने हा फरक जाणून निवड करावी. दोन्ही ठिकाणी यंत्राने सुचवावे आणि माणसाने पडताळावे, हाच मार्ग बरा.

लिहिलेले राहते कुठे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इतक्या कष्टाने लिहिलेली नावे नेमकी कुठे साठतात? सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत की चित्राच्या पोटात? पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. परिणाम मात्र निराळे.

पिकासा नावाचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये निघाले, २००४ मध्ये ते गुगलने घेतले, आणि वापरण्यास सोपे व विनामूल्य असल्याने ते घरोघर गेले. २०१६ च्या मार्चमध्ये त्याचा विकास थांबविण्यात आला. ज्यांनी त्यात चित्राखाली वर्णन लिहिले होते, त्यांचे शब्द जेपेग फाइलीतच लिहिले गेले असल्याने ते वाचले. परंतु त्यात रचलेले आल्बम फाइलींमध्ये नव्हते. चेहऱ्यांना दिलेली नावेही, वेगळी सूचना दिली नसल्यास, पिकासाच्याच नोंदींत राहिली. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या नोंदी सहजी वाचता येत नाहीत. चित्रे राहिली, नावे गेली.

हेच दूरच्या सेवांनाही लागू आहे. गुगल फोटोज २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा किंचित लहान केलेली चित्रे अमर्याद ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली व नवी चित्रे १५ गिगाबाइटच्या विनामूल्य मर्यादेत मोजली जाऊ लागली. तिथे लिहिलेले वर्णन आपली चित्रे परत घेताना चित्रात न येता शेजारच्या वेगळ्या फाइलीत येते. सेवा वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. पण तिच्या भरवशावर नाव सोडू नये.

उपाय साधा आहे. चित्राच्या पोटात शब्द लिहिण्याच्या सर्वमान्य पद्धती आहेत. वृत्तसंस्थांच्या व्यवहारातून आलेली आयपीटीसी ही एक, आणि अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी ही दुसरी. सॉफ्टवेअर घेताच त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅग आणि वर्णन फाइलीत लिहिण्याचा पर्याय सुरू करावा. असे लिहिल्याने चित्राच्या प्रतीला बाधा येत नाही. मग सॉफ्टवेअर बदलो, संगणक बदलो, नाव चित्राबरोबर चालत राहते. खात्री करायची तर एक चित्र दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावे.

निवड आणि प्रती

सर्वच चित्रांना चिठ्ठ्या लावणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. हुबेहूब जुळी चित्रे सॉफ्टवेअर आपणहून शोधून देते. एकाच क्षणाच्या आठ चित्रांतून एक-दोन निवडण्यासाठी ताऱ्यांची सोय असते. उत्तमांना पाच तारे द्यावेत आणि प्रथम त्यांचीच नावे लिहावीत. हजारांतील पन्नास चित्रे पुरी नोंदविली तरी प्रसंग जिवंत राहतो.

आणि प्रती ठेवाव्यात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे: प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक परगावच्या नातलगाकडे किंवा दूरच्या सेवेवर. चोरी, पूर आणि बिघडलेली डिस्क या तिन्हींवर हा उतारा चालतो.

मात्र या सर्व यंत्रणेत एक गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. ग्वाल्हेरच्या वाड्यासमोर उभ्या असलेल्या नऊ जणांत डावीकडून तिसरा कोण, हे एक्झिफला ठाऊक नसते. ते घरातील एखाद्या ऐंशी वर्षांच्या काकूंना ठाऊक असते. यंत्र उद्याही मिळेल, आजच्याहून चांगलेही मिळेल. काकूंचे तसे नाही. म्हणून सॉफ्टवेअर कोणते घ्यावे याची चर्चा लांबली तरी चालेल. दर रविवारी तासभर त्यांच्याशेजारी बसून, पडद्यावर एकेक जुने चित्र दाखवीत, त्या सांगतील ती नावे त्यांच्यासमोरच चित्रात लिहून घेण्याचे काम लांबवू नये.