ऋण सोडणे : क्वाय नदीकाठच्या युद्धकैद्यांची क्षमा

'क्षमा' आणि 'माफी' हे शब्द आपण बहुधा एकाच अर्थी वापरतो, परंतु त्यांची कुळे निराळी आहेत. 'क्षमा' ही संस्कृत 'क्षम्' धातूची; सोसणे आणि समर्थ असणे असे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत, आणि सर्व काही सोसणारी म्हणून पृथ्वीसही क्षमा म्हटले आहे. 'माफी' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली आणि दरबारी व महसुली व्यवहारात रुळली. ख्रिस्ती प्रार्थनेतील क्षमेच्या मुळाशी तिसरीच कल्पना आहे. येशूने शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द येतो तो ऋणवाचक आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीही तेथे 'ऋण' हाच शब्द राखला. अपराध, पाप असे सोपे पर्याय हाताशी असता त्यांनी तसे केले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण ऋण सोडावयाचे तर ते आहे हे आधी मान्य करावे लागते. आणि ते सोडण्याचा अधिकार धनकोचा असतो, शेजाऱ्याचा नव्हे.

या अर्थाची कसोटी पाहावयाची तर दुसऱ्या महायुद्धातील सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गाकडे वळावे. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले, आणि त्याच वर्षी जपानी सैन्याने सयाममधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्युझायाटपर्यंत सुमारे 415 किलोमीटरचा मार्ग बांधावयास घेतला. ऑक्टोबर 1943 मध्ये दोन्ही टोके जुळली. साठ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी या कामावर जुंपले गेले आणि त्यांतील बारा हजारांच्या वर मेले. आमांश, पटकी, हिवताप, बेरीबेरी, उपासमार आणि मारहाण ही त्यांच्या मृत्यूची कारणे. पिएर बूलची कादंबरी व 1957 चा चित्रपट यांमुळे क्वाय नदीवरचा पूल जगाला ठाऊक झाला. तेथील माणसे मात्र त्यांतून फारशी कळत नाहीत.

त्या माणसांपैकी एक होता अर्नेस्ट गॉर्डन हा स्कॉटिश पलटणीतील अधिकारी. 1962 साली त्याने आपले बंदिवासाचे अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. बंदिवासात शिरताना तो श्रद्धावान नव्हता, आणि म्हणूनच त्याची साक्ष ऐकण्याजोगी आहे. आरंभी छावणीत धर्माची एक लाट आली होती, असे तो सांगतो. परंतु ती सुटकेच्या आशेने केलेली याचना होती, आणि सुटका होत नाही असे दिसताच ती ओसरली. त्यानंतर उरले ते जंगलाचे राज्य. आजाऱ्याचा घास पळविणे, मेलेल्याचे सामान चोरणे, जपान्यांच्या उष्ट्यासाठी झोंबणे. द्वेष होता, पण तो केवळ जपान्यांचा नव्हता; शेजारच्या बिछान्यावरील माणसाचाही होता.

चुंगकाईच्या छावणीत गॉर्डन मरणोन्मुख म्हणून टाकला गेला. पायांतील शक्ती गेली होती, अंगावर व्रण होते. तेथे त्याची शुश्रूषा केली ती दोघा साध्या शिपायांनी. डस्टी मिलर हा मेथडिस्ट पंथाचा, व्यवसायाने माळी. डिंटी मूर रोमन कॅथलिक. ते त्याचे व्रण धूत, पाय चोळीत आणि दिवसाचे काम उरकून पुन्हा येऊन बसत. उपदेश असा त्यांनी फारसा केलेला दिसत नाही. याच सुमारास छावणीत काही गोष्टी तोंडोतोंडी पसरत होत्या. एका सैनिकाने आजारी सोबत्याला आपले अन्न देऊन त्यास वाचविले आणि स्वतः देह ठेवला. दुसरी गोष्ट फावड्याची. दिवसाचे काम संपल्यावर एक फावडे कमी भरते असे पहारेकऱ्याने ठरविले आणि चोर पुढे न आल्यास सर्वांस ठार मारण्याची धमकी दिली. एक सैनिक पुढे झाला. पहारेकऱ्याने त्यास तेथेच बडवून मारले. पुढे ठाण्यावर पुन्हा मोजणी झाली तेव्हा फावडी पुरी भरली.

या घटनांचा अर्थ लावावयास शुभवर्तमान जवळ आले, असा गॉर्डनचा क्रम आहे, आणि तो मला खरा वाटतो. एका ऑस्ट्रेलियन सार्जंटाच्या विनंतीवरून त्याने बांबूच्या बनात काही जणांसमवेत नवा करार वाचावयास घेतला. अपमान, मारहाण, सोबत्यांनी सोडून जाणे, खोट्या आरोपाखाली मृत्यू ही येशूच्या चरित्रातील स्थळे तेथे कोणास समजावून सांगावी लागली नाहीत. मात्र शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा आली की वाचन अडे. कैदी परस्परांस क्षमा करू लागले होते; जपान्यांपाशी ही क्षमा थांबली होती.

ती पुढे सरकली ते फार उशिरा, युद्धाच्या शेवटच्या पर्वात. कैद्यांस आगगाडीने हलवीत असता एका ठिकाणी शेजारच्या रुळावर जखमी जपानी सैनिकांची गाडी उभी होती. त्यांच्या जखमा चिघळल्या होत्या. त्यांच्याच सैन्याने त्यांस वाऱ्यावर सोडले होते. गॉर्डनच्या डब्यातील अधिकारी आपले शिधे, चिंध्या व पाणी घेऊन उतरले आणि त्यांनी त्या जखमा धुतल्या. दोस्तांच्याच एका अधिकाऱ्याने त्यांस मूर्ख ठरविले. हे आपले शत्रू आहेत ना, असे त्याचे म्हणणे. गॉर्डनने त्यास यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटसरूच्या दृष्टांताची आठवण दिली. पूर्वी डस्टी मिलरने गॉर्डनचे पाय धुतले होते. आता गॉर्डनचे सोबती जपान्यांचे व्रण धूत होते. शब्दाआधी हात शिकले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि हा वृत्तांत जसाच्या तसा स्वीकारू नये. तो घटनांनंतर सतरा-अठरा वर्षांनी, धर्मोपदेशक झालेल्या आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचा प्रमुख असलेल्या गृहस्थाने लिहिला आहे. अशा लेखनात प्रसंगांचे दृष्टांत होऊ लागतात. चुंगकाईची स्थिती सुधारली तीत श्रद्धेचा वाटा होता, तसाच लोहमार्ग पुरा होऊन काम हलके झाल्याचाही होता. कैदी डॉक्टरांनी अपुऱ्या साधनांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि बूनपोंग नावाच्या सयामी व्यापाऱ्याने जीव धोक्यात घालून छावण्यांत औषधे पोहोचविली. गॉर्डनच्या गोष्टीचे मोल याने कमी होत नाही. ती एकटी नाही, एवढेच.

शिवाय प्रत्येकाची क्षमा युद्ध संपण्यापूर्वी आली नाही. एरिक लोमॅक्स तरुणपणी एडिंबरोच्या एका कडक बाप्टिस्ट मंडळीत होता. पुढे तिच्यापासून दूर गेला. 1943 मध्ये कांचनाबुरी येथे चोरून बनविलेला रेडिओ सापडल्यावर त्याचे हात मोडेपर्यंत त्यास मारले गेले, नंतर पाण्याने छळले गेले. छळाच्या वेळी प्रश्नांचे भाषांतर करणारा दुभाषी नागासे ताकाशी याचा द्वेष त्याने पन्नास वर्षे जपला. नागासेने युद्धानंतर लगेच दोस्तांच्या कबरी शोधण्याच्या कामी साहाय्य केले होते व क्वायकाठी बौद्ध मंदिर उभारले होते. हे लोमॅक्सला वृत्तपत्राच्या कात्रणावरून कळले, तरी त्याचा राग निवळला नाही. 1993 साली दोघे भेटले. क्षमा तोंडी न देता त्याने ती पत्रात लिहून दिली, आणि विसरणे शक्य नाही हेही तीत नमूद केले. ऋणाचा आकडा प्रथम मांडून मग खाते फेडल्याची पावती लिहावी, तसे हे पत्र आहे. येथे ऋणको समोर होता, त्याने ऋण कबूल केले होते, आणि धनको जिवंत होता.

चुंगकाईच्या दफनभूमीत सुमारे पावणेदोन हजार कबरी आहेत, कांचनाबुरीच्या मोठ्या दफनभूमीत सात हजारांच्या आसपास. याच लोहमार्गावर लक्षावधी आशियाई मजूरही राबविले गेले. मलायातील रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ मजूर त्यांत फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापाशी ना डॉक्टर होते, ना पलटणीची शिस्त. पटकीने त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. आशियाई मजुरांच्या मृत्यूंचा अंदाज नव्वद हजारांच्या घरात जातो, म्हणजे युद्धकैद्यांच्या सातपटींहून अधिक. त्यांतील बहुतेकांच्या कबरींवर नाव नाही, आणि त्यांच्या वतीने ऋण सोडण्याचा अधिकार गॉर्डनला नव्हता, लोमॅक्सलाही नव्हता.