डासाचा आकार ठरतो पिंपात

एकाच जातीचे दोन डास शेजारी ठेवले, तर कधी कधी एक दुसऱ्यापेक्षा बराच लहान दिसतो. पण लहान डास म्हणजे मोठ्या डासाचे पिल्लू नव्हे. पंख फुटल्यावर डास वाढत नाही. तो केवढा होणार, हे आधीच, पाण्यातल्या अळीच्या पोटात किती अन्न गेले यावर ठरलेले असते.

डेंग्यू पसरवणाऱ्या ‘एडिस इजिप्ती’ची अळी पाण्यातले जिवाणू, शेवाळ आणि कुजक्या पाल्याचे कण खाते. पुढे तिचा कोष होतो. कोष काहीच खात नाही; अळीने साठवलेल्या शिदोरीवरच पंख, पाय, स्नायू घडतात. पाण्यात अळ्यांची गर्दी झाली, खाणे कमी पडले, की वाढ रेंगाळते आणि आखूड पंखांचा डास बाहेर पडतो. पाणी जास्त उबदार असले तरी आकार घटतो. म्हणूनच संशोधक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा पंख सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. लांबीवरून शरीराचा आकार कळतो, तर शिरा जिथे मिळतात ते बिंदू जोडून पंखाच्या घडणीतले बारीक फरक टिपता येतात.

मोठी मादी जास्त अंडी घालते. म्हणून लहान मादी निरुपद्रवी ठरत नाही. साठा तोकडा असल्याने तिला अंड्यांच्या एका खेपेसाठी एकाहून अधिक वेळा चावावे लागू शकते. अमेरिकेतील प्रयोगांत तर गर्दीत वाढलेल्या ‘एडिस अल्बोपिक्टस’ माद्यांना डेंग्यूच्या विषाणूची लागण अधिक सहज झाल्याचे दिसले.

यातून घरासाठी धडा असा, की अर्धवट सफाई घातक ठरू शकते. पिंपातल्या थोड्या अळ्या काढून पाणी तसेच ठेवले, तर उरलेल्या अळ्यांना पोटभर खाणे मिळते आणि त्यांचे धष्टपुष्ट डास होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी पूर्ण रिकामी करावी आणि आतून घासून काढावी. कारण एडिसची अंडी पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. जी टाकी रिकामी करता येत नाही, ती घट्ट झाकावी किंवा तीत गप्पी मासे सोडावेत.