पत्र्याला पांढरा हात

मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या घरात बसायची वेळ आली, तर एक गोष्ट जरूर करून बघा. हात वर करून तळवा छताकडे धरा. तळव्याला झळ लागते. हात उलटा करा, आता झळ हाताच्या पाठीला. पंखा पाचवर ठेवा, झळ तशीच! वाऱ्यानं ती हटत नाही, कारण ती हवेतून येतच नाही. वरचा पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलाय आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड खाली सोडतोय. इन्फ्रारेड म्हणतात तो हाच. म्हणजे घरात सावली असूनही माणूस एका प्रकारे उन्हातच बसलेला असतो.

हे ऊन असतं तरी किती? आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य अगदी शब्दशः डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत त्यानंतर दोनेक दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. भरदुपारी सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच गुडूप होते. वर्षात असा दिवस दोनदा येतो, पण दुसरा पावसाळ्यात ढगांआड निघून जातो. आता हे घराच्या बाजूनं बघा. सूर्य माथ्यावर असला की भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळं छतावर पडतं. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण हजार वॅट. दहा बाय दहाच्या खोलीचं छत सव्वानऊ चौरस मीटर भरतं, म्हणजे नऊ हजार वॅटच्याही वर. न्हाणीघरातला गीझर दोन हजार वॅटचा असतो. एका लहानशा खोलीच्या डोक्यावर साडेचार गीझर एकदम चालू!

आणि मध्ये आडोसा कसला? जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा. एवढ्या पातळ पोलादाला तापायला वेळ लागत नाही. ढग सरला की एक-दोन मिनिटांत तो चटका देण्याइतका होतो. पत्र्याच्या घरात सकाळी ऊन चढताना टक्, टक्, कडक् असे आवाज येतात ना? तापमान तीस अंशांनी चढलं की दहा फुटी पत्रा मिलिमीटरभर लांबतो, खिळ्या-स्क्रूंशी ओढाताण करतो आणि अडलेली जागा सुटली की वाजतो. छत तापतंय हे कानांनी ऐकू येतं!

मग लोक पत्रा घालतातच का? कारण पत्रा गुणीही आहे. हलका, स्वस्त, दोन माणसांत चढणारा, घर बदललं तर काढून नेता येणारा. मराठवाड्यात माळवदाची घरं होती. लाकडी तुळ्यांवर फूटभर मातीचा थर, त्यावर पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीत मुरता मुरता संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली, आणि माळवदाखाली झोपायची भीती बसली. त्या भीतीपुढे पत्रा निवडणाऱ्याला कोण नाव ठेवणार? पत्रा अंगावर पडला तरी माणूस वाचेल, हा हिशोब अगदी खरा होता. उन्हाळ्याचा हिशोब मात्र त्यानंतर दरवर्षी चुकता करावा लागतो.

तो चुकता होतो विजेच्या बिलात. साधा पंखा ७५ वॅटचा. रोज पंधरा तास चालला की महिन्याला चौतीसेक युनिटं. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेच काम तीसेक वॅटमध्ये करतो, पण घेताना महाग पडतो, म्हणून ज्याला युनिट वाचवायची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच घरी बहुतेक वेळा जुना पंखा गरगरत असतो. शिवाय पंखा हवा गार करत नाही, नुसती फिरवतो. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की ती आपल्या कातडीपेक्षा गरम झालेली असते. तेव्हा घाम वाळतो तेवढाच त्याचा आधार. बंगल्यातल्या माणसापेक्षा वस्तीतल्या माणसाला तेवढाच गारवा मिळवायला जास्त वीज जाळावी लागते आणि तरीही गारवा मिळत नाही.

थंड देशांत हेच दुखणं उलट्या दिशेनं आहे. तिथे गरिबाच्या घरातून ऊब निसटते. ब्रिटनमध्ये ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ‘फ्युएल पॉव्हर्टी’ हे पुस्तक लिहिलं आणि एक साधी कसोटी पुढे ठेवली: घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त लागत असेल, तर ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत गरीब. त्यांचं मला सर्वांत पटलेलं म्हणणं असं, की या गरिबीचं मूळ पगाराइतकंच घराच्या बांधणीत असतं. बिलाला मदत दिली तर ती दरवर्षी द्यावी लागते. घर दुरुस्त केलं तर बिलच उतरतं.

आपल्याकडची ही दुरुस्ती इतकी सोपी आहे, की पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही. छताला पांढरा रंग द्यायचा. बस्स!

पांढरा रंग नेमकं काय करतो? त्याच्या डब्यात पांढरं असं काही नसतंच. त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एकच मोठा, शुद्ध स्फटिक घेतला तर तो जवळजवळ पारदर्शक असतो. त्याचे अतिसूक्ष्म कण केले की प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उसळत राहतो आणि शोषला जाण्याआधीच आला तसा बाहेर पडतो. खडीसाखर पारदर्शक आणि पिठीसाखर पांढरी, ती याच न्यायानं. चांगल्या पांढऱ्या रंगावर पडलेल्या उन्हातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग असा परत जातो. नऊ हजारांपैकी सात हजारांहून जास्त वॅट छताला शिवून माघारी! जुना गंजलेला पत्रा मात्र निम्म्याहून जास्त ऊन पिऊन टाकतो.

पण थांबा. नवा पत्रा तर चकचकीत असतो, आरशासारखं ऊन परतवतो. तरी त्याच्याखाली भाजतं ते का? इथे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर कोडं आहे.

जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८०४ मध्ये ते उलगडलं. त्यानं धातूचा एक चौकोनी डबा घेतला. एका बाजूला काजळी फासली, एका बाजूला कागद चिकटवला, एक बाजू घासून लखलखीत ठेवली आणि आत गरम पाणी भरलं. पाणी एकच, डबा एकच. तरी काजळीची बाजू भरपूर उष्णता बाहेर फेकत होती, लखलखीत बाजू अगदी थोडी. आणि कागदाची? ती जवळजवळ काजळीएवढीच! डोळ्यांना पांढरं आणि काळं ही दोन टोकं दिसतात, पण उष्णतेच्या अदृश्य प्रकाशात पांढरा रंग काळाच असतो. एकाच रंगाचे असे दोन चेहरे. उन्हाला तो म्हणतो, येऊ नकोस. आतल्या उष्णतेला म्हणतो, निघ बाहेर. चकचकीत धातूचं उलट. तो येणारं ऊन बरंचसं अडवतो, पण जेवढं आत घेतो तेवढं त्याला सोडता येत नाही, आणि तापत जातो.

बरं, निघालेली उष्णता जाते कुठे? काही वारा नेतो. उरलेल्यातली बरीच थेट अंतराळात जाते, आणि ही गोष्ट मला आजही थक्क करते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड इन्फ्रारेड किरण अडवतात, पण ८ ते १३ मायक्रॉन लांबीच्या लहरींना बऱ्याच अंशी वाट मोकळी असते. आपल्या रोजच्या वस्तू, छत, जमीन, आपलं अंगसुद्धा, सर्वांत जास्त उष्णता कुठल्या लांबीच्या लहरींत फेकतं? नऊ-दहा मायक्रॉन! बरोब्बर त्या खिडकीत. आणि खिडकीपलीकडे आहे उणे २७० अंशांचं अंतराळ. कोकणातल्या दमट हवेत ही खिडकी धुरकट होते, विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती छान उघडी असते. जिथे ऊन सर्वांत कडक, तिथेच ही वाट सर्वांत मोकळी.

याचा पुरावा पत्र्याच्या घरातल्या माणसानं पाहिलेला आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र पहाटे पाऊस नसताना पत्र्याखालून थेंब टपकतात. रात्रभर आकाशाकडे उष्णता फेकून पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार झालेला असतो, म्हणून त्यावर दव धरतं. अलाहाबादच्या लोकांनी तर याच वाटेनं बर्फ बनवला होता. रॉबर्ट बार्कर यानं १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती कृती लिहून ठेवली आहे. उघड्या मैदानात उथळ खड्डे, तळाला उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर, त्यावर मातीच्या पातळ, उथळ थाळ्यांत उकळून गार केलेलं पाणी. ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नव्हती, थाळी आकाशाकडे उघडी. सूर्योदयापूर्वी मजूर बर्फ गोळा करायचे, आणि तोही अशा मुलखात जिथे तळ्या-डबक्यांत कधी बर्फ धरत नाही! दव आणि हा बर्फ उष्णता आकाशाकडे निसटल्यामुळे होतो, हे विल्यम चार्ल्स वेल्स यानं १८१४ मध्ये नीट समजावलं. थाळ्या मांडणाऱ्यांचे हात ते आधीच जाणत होते.

हे भरदुपारी जमेल का? २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊन ९७ टक्के परतवणारा पातळ थर बनवला. थेट उन्हात ठेवलेला तो पृष्ठभाग हवेपेक्षा जवळजवळ पाच अंशांनी गार राहिला, आणि विजेचा कण खर्च झाला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं ९८.१ टक्के ऊन परतवणारा रंग केला. त्यात बेरियम सल्फेट आहे, पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात तेच.

वस्तीतल्या घराला एवढा भारी रंग लागत नाही. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत एरवीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून शहरानं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला, दक्षिण आशियातला पहिला. २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला सुरुवात झाली. तिथे ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेच्या परिवारातल्या महिला हाउसिंग ट्रस्टच्या कामात वस्तीतल्याच बाया पुढे असतात, दारोदार जाऊन शेजारणींना विजेचं बिल आणि छत यांचं नातं समजावतात. अशा छतांखाली खोलीतली हवा साधारण दोन ते पाच अंशांनी उतरलेली आढळते. पंचेचाळीसवरून एक्केचाळीसवर येणं आकड्यात लहान दिसतं, तान्ह्या बाळाला आणि रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्याला ते फार मोठं असतं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांसाठी वेगळं धोरण आणलं. महाराष्ट्रात शासकीय घरकुलांच्या अंदाजपत्रकात छताच्या पांढऱ्या रंगाची ओळ असायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पांढरं छत सगळं सोडवत नाही. धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, धुवावं लागतं, काही वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरून सावली करण्याची जुनी रीतही चांगली आहे, फक्त आगीचा धोका सांभाळावा लागतो. पण इतक्या कमी पैशांत वर्षानुवर्षं वीज वाचवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

हे फेब्रुवारीतच करून घ्या. स्लॅब असेल तर डिंक किंवा फेविकॉल घातलेल्या चुन्याचे दोन-तीन हात पुरतात. पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. त्यासाठी गंज खरवडा, पत्रा धुऊन वाळवा, प्रायमर द्या आणि वर पांढऱ्या ‘कूल रूफ’ रंगाचे दोन हात मारा. रंगारी छताच्या मधोमध नाही, शिडी लावून कडेनं किंवा फळी टाकून काम करेल हे बघा, कारण जुना पत्रा पायाखाली फाटतो. आणि तुमचं घर पत्र्याचं नसेल, तर तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींचं, सोसायटीच्या वॉचमनदादांचं घर पत्र्याचं असेल. यंदा त्यांना विचारा, आणि रंगाचा डबा तुम्ही घेऊन द्या.