पेव : मातीतली हवाबंद कोठी

एखाद्या गोष्टीला ऊत आला की तिचं पेव फुटलं, असं आपण सहज म्हणतो. पण पेवात उतरलेली माणसं आता शोधावी लागतील. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेला हा खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र ऐसपैस. आत कडबा नि भुसा लावायचा, ज्वारी ओतायची आणि तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपून टाकायचं. धान्य टिकायचं ते मातीच्या गुणाने, असा समज आहे. मला तो अपुरा वाटतो. दाणा जिवंत असतो. तो, त्यातली कीड आणि बुरशी मिळून कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि सोंडे-टोके गुदमरून मरतात. याचा पुरावा भीषण आहे: नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरलेली माणसंही दगावत. म्हणूनच तोंड उघडून वाट पाहायची आणि आधी कंदील सोडून बघायचा, ही रीत होती.

मग ही पद्धत मागे का पडली? ओल झिरपून कडेचा नि वरचा थर काळा पडे, दाण्याला वास येई, हा आक्षेप खराच आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं प्रसिद्ध होती. 2005च्या महापुरात कृष्णा-वारणेचं पाणी त्यांत शिरलं आणि अनेक कायमची निकामी झाली. पण हा दोष जमिनीचा आहे, हवा कोंडण्याच्या तत्त्वाचा नव्हे. हेच तत्त्व अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 1980च्या दशकाअखेरीस कॅमेरूनच्या शेतकऱ्यांबरोबर चवळीसाठी वापरलं. त्यातून पुढे तीनपदरी पिशवी घडली: आत प्लॅस्टिकचे दोन जाड पदर, बाहेर विणलेलं पोतं. ना विषारी गोळी, ना धुरी.

अर्थात, पिशवी ओल्या दाण्याला वाचवत नाही. हवा कोंडली की कीड मरते, पण ओलावा आतच राहतो. ओलं धान्य आंबतं किंवा त्याला बुरा येतो, आणि काही बुरशा अफ्लाटॉक्सिनसारखं विष सोडतात. धान्यात ओलावा साधारण 12 टक्क्यांपर्यंत आला की मगच तोंड बांधावं. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात खळ्यावर येते, म्हणून पेवाला ती मानवली. खरिपाचं सोयाबीन नि मका परतीच्या पावसात सापडतात. तिथे दाताखाली दाणा कडक वाजला की झालं, हा अंदाज चुकू शकतो. म्हणून गावागावात आधी ओलावामापक आणि सामाईक वाळवणयंत्र हवं, गोदामाची भिंत त्यानंतर.

देणेकऱ्यांचा तगादा असताना शेतकरी माल ठेवणार कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, आणि कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना त्यासाठीच आहे. पण तारण ठेवलेला माल चार-सहा महिन्यांनी तसाच निघाला तरच त्या कर्जाला अर्थ. ओलसर पोतं तारण ठेवणाऱ्याच्या हाती शेवटी पीठ आणि व्याज एवढंच उरतं.