पार घाट ते आंबेनळी : सुरूर–पोलादपूर मार्ग

पुणे–सातारा महामार्गावरील सुरूर येथून फुटणारा रस्ता वाई, पाचगणी, महाबळेश्वर या गावांवरून जाऊन पोलादपूर येथे मुंबई–गोवा महामार्गास मिळतो. देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या या मार्गाचा इतिहास अभ्यासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाटातील आजचा रस्ता म्हणजे जुनीच वाट रुंद केलेली, असे नव्हे.

वाईपर्यंत वाटचाल सपाटीची आहे. तेथून पसरणीचा घाट पाचगणीच्या पठारावर चढतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वर ओलांडल्यावर रस्ता कोयनेच्या खोऱ्यात, म्हणजे जुन्या जावळीत उतरतो आणि प्रतापगडाजवळून आंबेनळी घाटाने सावित्रीच्या खोऱ्यात जातो.

पूर्वी येथील मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून होत असे. महाड बंदरातील मीठ वर येई, देशावरचा माल खाली जाई. लादलेला बैल उभी चढण चढू शकतो. त्यामुळे पार घाट, रडतोंडीचा घाट या वाटा थेट उतारावरून काढलेल्या होत्या. (रडतोंडी या नावातच वाटसरूची दशा आली.) जावळी हाती असणे म्हणजे या वाटा हाती असणे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगोलग प्रतापगड उभारला, त्यामागील हे एक प्रमुख कारण होय. १६५९ मध्ये अफझलखानाचे सैन्य वाईहून रडतोंडीच्या घाटानेच पारला उतरले. पार येथील कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे.

गाडीला मात्र उभी चढण मानवत नाही. १८२९ नंतर महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले आणि पुढे इंग्रजी अमलात कोकणात उतरणारा गाडीरस्ता झाला. मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्या घाटास मिळाले. लोकांच्या तोंडी आंबेनळीच राहिले. चाकांसाठी चढ सौम्य हवा, म्हणून डोंगराची कूस कापून लांबलांब वळणे घेतली गेली. व्यापारी वाट बदलली आणि पारची पेठ आडबाजूस पडली.

कापलेली कूस पावसात सुटते, ही या रस्त्याची कायमची अडचण. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला. घाट बंद झाला की जावळीच्या गावांना पोलादपूरची बाजारपेठ तुटते.