मीठ, मोहरी आणि कलम १२

पालेगावच्या नव्या इमारतींत चूल नाहीशी झाली असली, तरी तान्हे मूल विनाकारण किरकिरू लागताच मीठ, मोहरी व सुक्या मिरच्या त्याच्यावरून उतरून तापल्या तव्यावर टाकण्याचा स्त्रियांचा परंपरागत अधिकार अबाधित आहे. मिरचीचा ठसका आला नाही, तर दृष्ट जबर होती, असा निवाडा घरातील ज्येष्ठ स्त्री देते आणि त्यावर अपील नसते. दृष्टीच्या शेजारचे चेटूक तेवढे कायद्याच्या कक्षेत येते. इंग्लंडात १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर यांनी आधुनिक चेटूकपंथाचा उघड पुरस्कार केला, आणि स्वतःस चेटकीण म्हणवणे तेथे स्वेच्छेचा विषय ठरला. आपल्याकडे मात्र ते नाव बहुधा इतरेजनच, तेही आळ म्हणून, बाईला देतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर प्रथम वटहुकमाने व पुढे अधिनियमाने अमलात आलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा असा आळ घेणाऱ्यास आणि भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणाऱ्यास ६ महिने ते ७ वर्षे कारावास व ५ ते ५० हजार रुपये दंड फर्मावतो. शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारे घरातील धार्मिक विधी त्याच्या १२व्या कलमाने वगळले आहेत.