सूत्रकृमीही प्रतिकार करतो

२०२४ च्या नोबेलमुळे 'सी. एलेगन्स' हा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी पुन्हा पहिल्या पानावर आला. त्याच्यावरच्या कामाला याआधी २००२, २००६ आणि २००८ सालीही नोबेल मिळाले होते. या वेळच्या सूक्ष्म आरएनएच्या शोधाबद्दल भरपूर छापून आले. या कृमीच्या प्रतिकारशक्तीबद्दल मात्र कुणी बोलले नाही, आणि बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या तूर उत्पादकाच्या कामाची गोष्ट नेमकी तीच आहे. या जिवाला ना पांढऱ्या पेशी, ना प्रतिपिंडे. त्याचे अन्नच जिवाणू, म्हणजे घासागणिक रोगाचा धोका. तरी तो तगतो. पी-३८ ही संदेशसाखळी मोडली की स्यूडोमोनास या जिवाणूपुढे तो लवकर मरतो, हे डेनिस किम आणि फ्रेडरिक ऑसुबेल यांच्या गटाने २००२ साली दाखवले. तशीच साखळी माणसाच्या पेशींतही आहे. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील वर्षा सिंग यांच्या गटाचे २०२१ चे काम. स्यूडोमोनास एरुजिनोसा '१-अनडेसिन' नावाचे वासाचे द्रव्य सोडतो. कृमीच्या ३०२ चेतापेशींपैकी एका जोडीला तो वास कळतो. कृमी दूर सरकतो आणि प्रतिकाराची जनुकेही कामाला लागतात, तीही निव्वळ वासावर.

आता तुरीकडे वळू. महिन्याभराचे रोप अलगद उपटून मुळे धुतली आणि टाचणीच्या डोक्याहून बारीक, लिंबाच्या घाटाचे मोतिया दाणे दिसले, तर त्या हेटेरोडेरा कजानी या तुरीवरच्या सूत्रकृमीच्या माद्या. त्यांच्यावर उपाय म्हणून कुठलीही जिवाणूंची भुकटी चालेल, असे धरून चालणे मला पटत नाही. कृमीचा बचाव कुठे आहे, ते आधी पाहिले पाहिजे. यावर कुणी म्हणेल, प्रयोगशाळेतला कृमी जिवाणू गिळतो, तुरीचा कृमी सुईसारख्या तोंडाने मुळाचा रस ओढतो. एकाचा धडा दुसऱ्याला कसा लागू होईल? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. जो जिवाणू गिळतच नाही, त्याला आतड्यात गाठू पाहणारा उपाय लंगडाच पडणार. पाश्चुरिया हा जिवाणू वेगळ्या वाटेने जातो: त्याचे बीजाणू मातीत फिरणाऱ्या पिल्लाच्या कातडीला चिकटतात, पुढे आत शिरतात आणि मादीची अंडी घालण्याची ताकदच संपवतात. बिदर-हैदराबाद वाटेवरच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत, तुरीच्या कृमीवरच्या पाश्चुरियाचा अभ्यास झालेला आहे. मात्र एका ठिकाणचे बीजाणू प्रत्येक कृमीला चिकटत नाहीत. कातडीचा पृष्ठभाग जुळावा लागतो. शिवाय निसर्गात हा जिवाणू जिवंत कृमीतच वाढतो, त्यामुळे तो पोत्याने तयार करणे अवघड. म्हणून अनुदानाच्या यादीत आणखी एक भुकटी घालण्याआधी भालकीच्या शिवारातली माती तपासा आणि इथल्या कृमीला कुठले बीजाणू चिकटतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.